नदीकाठचं घर: सासूबाईंचं ऐका

प्रश्न: कर्जतच्या पुढे पेज नदीच्या काठी सासऱ्यांची सव्वा एकर जमीन आहे. ते गेल्यापासून ती पडून आहे. आम्ही मुलुंडला राहतो. मी पुढच्या वर्षी बँकेतून निवृत्त होतोय, सौ. शाळेत शिक्षिका आहे, आणि सासूबाई आता आमच्याकडेच असतात. शनिवार-रविवार जाऊन राहता येईल असं एक साधं केबिन तिथे बांधायचं मनात आहे. महावितरणचं कनेक्शन घ्यायचं नाही, सगळं सोलरवर. नॉर्वे-फिनलंडकडच्या त्रिकोणी लाकडी केबिनचे फोटो पाहून ठेवलेत: नदीकडे अख्खी काचेची भिंत आणि पाण्यावर आलेला डेक. नदी पश्चिमेला आहे, सूर्यास्त अप्रतिम दिसतो. साडू म्हणतात, त्यापेक्षा जुना कंटेनर आणून ठेवा, आठ दिवसांत घर तयार. सासूबाई म्हणतात नदीच्या इतक्या जवळ जाऊ नका. पण त्यांचं वय झालंय, त्या सगळ्यालाच घाबरतात. नदीपासून किती अंतर ठेवावं? लाकूड की कंटेनर? सोलर किती लागेल? प्रवाहावर छोटं टर्बाइन बसवता येईल का?
– स. वि., मुलुंड

उत्तर:

स. वि. यांस,

तुमच्या पत्रात त्या नदीच्या काठी संसार केलेली एकच व्यक्ती आहे, आणि नेमकं तिचंच म्हणणं तुम्ही 'वय झालंय' म्हणून निकालात काढलंत. पुढच्या रविवारी सासूबाईंना गाडीत घालून जागेवर न्या. 'घाबरू नका' वगैरे काही बोलू नका. फक्त विचारा: 2005 साली 26 जुलैला पाणी कुठपर्यंत आलं होतं? 2019 च्या जुलैत? त्याआधी कधी गोठ्यात पाणी शिरलं होतं का? त्या बोट दाखवतील तिथे खुंटी ठोका. शेजारच्या वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांनाही वेगवेगळं विचारा. तिघांच्या खुंट्या जवळजवळ आल्या तर तुम्हाला हवा असलेला सगळ्यात महत्त्वाचा आकडा फुकटात मिळाला असं समजा.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मि.मी. पाऊस झाला हे मुंबईकराला पाठ असतं. 2019 चं मात्र लवकर विसरलं जातं. 27 जुलैला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. ते पाणी उल्हास नदीचं होतं, आणि तुमची पेज त्याच उल्हासला जाऊन मिळते. रेल्वेचा भराव गाठणारं पाणी तुमच्या डेकला वळसा घालून जाणार नाही.

सरकारी बाजूनं हीच गोष्ट पूररेषा म्हणून ओळखली जाते. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेमधला नियंत्रित. तुमच्या गटाजवळून त्या आखल्या असतील तर जलसंपदा विभागाकडून नकाशा मिळवा. '25 वर्षांतून एकदा' याचा अर्थ 'नुकताच येऊन गेला, आता 25 वर्षं निवांत' असा नाही. दर वर्षी 4 टक्के शक्यता, असा आहे. तुम्ही ते घर 30 वर्षं वापरणार असाल, तर त्या काळात निळी रेषा निदान एकदा बुडण्याची शक्यता साधारण 70 टक्के निघते. लाल रेषेचासुद्धा हिशोब केला तर 26 टक्क्यांच्या आसपास येतो. बँकेतल्या माणसाला यापुढे काही सांगायला नको.

म्हणून 'नदीपासून किती अंतर' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी फुटांत देणार नाही. सपाट जमिनीवर दोनशे फूट लांब असूनही घर बुडतं आणि चढावर साठ फुटांवरही कोरडं राहतं. अंतरापेक्षा उंची बघा. सासूबाईंच्या खुंटीपेक्षा किंवा लाल रेषेपेक्षा, दोन्हींत जी वर असेल तिच्यापेक्षा, घरातली फरशी निदान तीन फूट वर हवी. काठावरच्या झाडांच्या फांद्यांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि काटक्या किती उंचीवर आहेत तेही पाहून घ्या, तीही खुंटीच. नदी वळत असेल तर वळणाच्या बाहेरच्या अंगाला ती काठ कापत जाते, तिथे अजिबात जाऊ नका. आणि काठावरचे करंज, उंबर, जांभूळ, बांबूची बेटं 'व्ह्यू मोकळा' करण्यासाठी तोडू नका. काठ त्यांच्या मुळांनीच धरून ठेवलेला असतो. जेसीबीवाला येऊन 'साहेब, एका दिवसात सगळं लेव्हल करून देतो' म्हणेल. त्याला चहा पाजून परत पाठवा. सव्वा एकरात एकही जागा पूररेषेच्या वर नसेल तर बांधूच नका. बाजेवर बसायला एक मांडव घाला आणि संध्याकाळी मुलुंडला परत या. ते दुःख परवडतं.

पाण्यावरच्या डेकचं एवढ्यात निकाली निघालं. पण तुमच्या नदीची आणखी एक गंमत आहे. कोकणातल्या कितीतरी नद्या एप्रिल-मेमध्ये दगडगोट्यांची पात्रं होतात, पेज मात्र वाहत असते. का? भिवपुरीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून वीज तयार करून झालेलं पाणी तिच्यात सुटतं म्हणून. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणातलं हे पाणी 1922 पासून असं खाली येतंय, आणि त्यातून झालेली वीज मुंबईला जाते. तुम्ही ग्रिडपासून लांब पळायला निघालात, आणि मे महिन्यात तुमच्या पायांना जे गार पाणी लागेल ते मुंबईच्या ग्रिडच्याच कृपेनं आलेलं असेल. यातला कामाचा भाग असा की विजेची मागणी बदलली की पात्रातलं पाणीही बदलतं. उन्हाळ्यातसुद्धा, डोक्यावर एक ढग नसताना, पाणी चढू शकतं. पात्रातल्या खडकावर पाहुण्यांची लहान पोरं बसवून वर स्वयंपाकाला यायचं नाही.

आता काचेची भिंत. नदी पश्चिमेला, सूर्यास्त पश्चिमेला, आणि पाऊसही पश्चिम-नैऋत्येकडून. ज्या बाजूला तुम्ही काच लावणार आहात त्याच बाजूनं चार महिने झड येणार, आणि उरलेल्या आठ महिन्यांत दुपारी तीनपासून ऊन. मे महिन्यात कर्जतला पारा चाळिशी ओलांडतो. सगळं सोलरवर म्हणता, म्हणजे एसी नाही, मग त्या काचेमागे बसणार कोण? नॉर्वेतली काच आत येणारं थोडंसं ऊन धरून ठेवण्यासाठी असते आणि तिथलं त्रिकोणी छप्पर बर्फ घसरून जावा म्हणून. आपल्याकडे बर्फ नाही आणि ऊन धरून ठेवायची हौस कुणाला नाही. वर त्या त्रिकोणात दोन्ही भिंती तिरक्या, म्हणजे कपाट लागत नाही, उभं राहायला मधली पट्टीच तेवढी उरते.

मी तुमच्या जागी असतो तर खोली लहान आणि पडवी मोठी केली असती. 12 बाय 16 ची एकच खोली, वर अर्ध्या भागात माळा. खोलीच्या पश्चिमेला 8 फूट खोल पडवी, उत्तरेला तेवढीच दुसरी. छप्पर एकच, सलग, साधारण 30 अंशांच्या उताराचं, आणि पडवीच्याही बाहेर तीन फूट आलेलं, म्हणजे पागोळ्या जोत्यापासून लांब पडतील. नदी पडवीत बसून बघायची. पावसाच्या चार महिन्यांत पश्चिमेच्या पडवीला बांबूच्या तट्ट्या किंवा झाप बांधायचे आणि बसायचं उत्तरेला. दसरा झाला की तट्ट्या सोडायच्या. आपल्याकडची जुनी घरं हे शेकडो वर्षं करत आली आहेत, सासूबाईंचं घरही तसंच असणार. खोलीला पश्चिमेकडे लाकडी झडपांची एक बुटकी, रुंद खिडकी पुरे. अंथरुणावर पडून नदी दिसेल इतक्या खाली घ्या. मोठ्या खिडक्या उत्तरेला आणि पूर्वेला. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत वरच्या बाजूला जाळी ठेवा, म्हणजे गरम हवा तिथून निघून जाईल आणि बंद घरात बुरशी कमी धरेल. जाळीला बारीक तारेची आणखी एक जाळी लावा, नाहीतर वटवाघळं भाडं न देता राहतात.

जोतं की खांब? जागा पूररेषेच्या वर असेल तर काळ्या दगडाचं अडीच-तीन फुटांचं जोतं मला आवडेल. दगड तिकडे सहज मिळतो आणि गवंड्यांनाही सवयीचा असतो. फोटोत दिसतं तसं चार फूट उंच खांबांवर घर उभं केलं, तर सहा इंचांच्या आठ पायऱ्या येतात. घरात एक वयस्कर बाई आहेत, हे तुमच्या आराखड्यात कुठेच दिसत नाही म्हणून सांगतोय. जोत्यालाही पायऱ्या येतील, पण एका बाजूनं जमिनीचा चढ वापरून उतरत्या दगडी पायवाटेचं तोंड थेट पडवीला भिडवता येतं. खांबच घ्यायचे ठरले तर खालच्या मोकळ्या जागेत लाकूडफाटा, कौलं, विटा रचून ठेवू नका. घोणस, फुरसं आणि विंचू यांना तेवढंच हवं असतं. विंचू म्हटल्यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची आठवण होते. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून त्यांनी असंख्य जीव वाचवले आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस आणि विंचूदंशाचे उपचार रात्रीसुद्धा मिळतात, हे घराचा पाया खणायच्या आधी विचारून ठेवा.

भिंती विटांच्या. त्या परिसरात वीटभट्ट्या आहेत, गवंडी आहेत, आणि पाच वर्षांनी भिंतीला काही झालं तर दुरुस्त करणारा माणूस सायकलवर येतो. रॅट ट्रॅप बाँड पद्धतीनं, म्हणजे विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवत बांधलं, तर विटा साधारण पाव हिश्शानं वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. वास्तुविशारद लॉरी बेकरांनी केरळात ही पद्धत रूढ केली. गवंड्याला ती माहीत नसेल तर आधी संडासाची भिंत तशी बांधून घ्या, मग खोलीला हात घाला. पडवीची एखादी बाजू हौसेनं कारवीच्या कुडाची करा. आसपासच्या ठाकरवाड्यांत कुड विणणारे, शेणामातीनं लिंपणारे हात अजून आहेत. त्यांना कलाकारीचा मोबदला द्या, रोजंदारीचा नको.

संपूर्ण लाकडी घराच्या मी विरोधात आहे, कारण वाळवी. फोटोतलं पाइनचं लाकूड आपल्या पावसात आणि वाळवीत फार टिकत नाही, आणि दर वर्षी पॉलिश करायला तुम्ही मुलुंडहून जाणार आहात का? लाकूड दारं-खिडक्यांना आणि माळ्याला वापरा, आणि ते नवं घेऊ नका. जुन्या चाळी आणि वाडे पाडल्यावर निघालेलं सागवान मुंबईत मिळतं. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या बाजारात एक शनिवार घालवा, झडपांच्या जुन्या खिडक्या आधी विकत घ्या आणि मग त्यांच्या मापानं भिंतीत जागा सोडा. बहुतेक लोक उलटं करतात आणि सुताराचं बिल वाढवतात.

छपराला लोखंडी पाइपची कैची, त्यावर सिमेंटचे पत्रे आणि पत्र्यांवर मंगलोरी कौलं. नुसती कौलं छान दिसतात, पण माकडांनी एक फेरी मारली की डझनभर फुटतात आणि तुम्हाला ते कळतं पुढच्या शनिवारी, भिजलेल्या गादीवरून. खाली पत्रा असला की कौल फुटलं तरी आत पाणी येत नाही. नुसता पत्रा ठेवलात तर जुलैत एकमेकांशी ओरडून बोलावं लागेल.

साडूंचा कंटेनर: 20 फुटी कंटेनरची आतली जागा जेमतेम दीडशे चौरस फूट, आतली उंची आठ फुटांहूनही कमी, आणि सगळं पोलाद. आतून इन्सुलेशन, वरून दुसरं छप्पर, खिडक्यांसाठी कापाकापी, दर दोन वर्षांनी गंजरोधक रंग, शिवाय तुमच्या शेताच्या वाटेवरून क्रेन आत नेणं. इतकं करून तो पुराच्या पाण्यात तरंगू शकतो. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता विजेचं बोलू. इथे बहुतेक जण पॅनेल किती घ्यायचे इथून सुरुवात करतात. सुरुवात आपल्याला काय लागतं इथून करायची. 9 वॉटचे सहा एलईडी दिवे रोज पाच तास: 270 वॉट-तास. कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे साधारण 30 वॉटचे असतात; दोन पंखे नऊ तास: 540. फोन, टॉर्च, रेडिओ धरून शंभर. मिक्सर 750 वॉटचा असला तरी चटणीपुरता तीन मिनिटं चालतो, म्हणजे वीज लागते 40 वॉट-तासांच्या आत. फक्त इन्व्हर्टर तेवढा भार उचलणारा, किलोवॉटच्या वरचा, प्युअर साइन वेव्ह घ्या. एकूण झालं साधारण एक युनिट, म्हणजे हजार वॉट-तास. दिवसाला एका युनिटात घर चालतं, जर गिझर, इस्त्री, एसी आणि नेहमीचा फ्रिज नसेल तर.

हिवाळा-उन्हाळ्यात आपल्याकडे पॅनेलला दिवसाला साडेचार तास पूर्ण क्षमतेचं ऊन मिळतं असं धरा आणि वाटेतली गळती वजा करा, तर सव्वातीनशे वॉटचा एक पॅनेलसुद्धा पुरतो. पण जुलै-ऑगस्टमधल्या दाट ढगांच्या दिवसांत ते तास दीडवर येतात, आणि एका युनिटसाठी साडेनऊशे वॉट लागतात. म्हणून 540 वॉटचे दोन पॅनेल घ्या. दक्षिणेला तोंड, साधारण 20 अंशांचा उतार, झाडांच्या सावलीबाहेर. कौलांवर चढवू नका. संडास-न्हाणीच्या सपाट छतावर लोखंडी सांगाड्यात बसवा, म्हणजे पुसायला सोपे. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, 24 व्होल्ट 100 अँपिअर-तासांची: अडीच युनिटं मावतात, दोन वापरता येतात, म्हणजे काळोखाचे दोन दिवस निघतात. तिसऱ्या दिवशी कंदील. बॅटरी खोलीतच, जमिनीपासून तीन फूट वर, हवेशीर पेटीत. मेमधला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस विजांचा असतो, तेव्हा अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर यांत काटकसर नको.

अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब आणा. सासूबाईंना पेटवता येतो. स्वयंपाकाला पाच किलोचा लहान सिलिंडर. फ्रिजऐवजी बर्फाची पेटी; शनिवारी सकाळी बर्फ घेऊन जा, रविवारपर्यंत मासळी टिकते.

टर्बाइन नको. पाण्यातून वीज काढायला प्रवाहापेक्षा पाण्याची पडण्याची उंची लागते. एक मीटर उंचीवरून सेकंदाला 20 लिटर पाणी पडलं तर लहान यंत्रातून जेमतेम शंभर वॉट निघतात, आणि सपाट पात्रात तुमच्याकडे ती एक मीटर उंचीही नाही. नदीत काही बसवायला परवानगी लागते, आणि पहिल्या पुरात ते यंत्र कल्याणकडे निघेल. उंची होती ती भिवपुरीला वापरून झाली.

पाणी मात्र तुमच्याकडे आकाशातून भरपूर आहे. सगळं छप्पर धरून 70 चौरस मीटरच्या आसपास होईल. त्या भागात 3000 मि.मी. पाऊस सहज पडतो. गळती-सांडणीचा पाचवा हिस्सा सोडला तरी दीड लाखाच्या वर लिटर पाणी छपरावरून वाहून जाणार. तुम्हा तिघांना शनिवार-रविवारसाठी माणशी रोज 60 लिटर धरलं, तर महिन्याला 1440 लिटर लागतात, आणि कोरड्या आठ महिन्यांचे साडेअकरा हजार. पाच हजार लिटरच्या तीन टाक्या घ्या, पाहुण्यांचीही सोय होईल. भरलेली एक टाकी पाच टनांची होते, तेव्हा खाली दगडी चौथरा हवाच. घरापेक्षा जरा वरच्या अंगाला ठेवल्या तर पंपही लागत नाही. पन्हळ सहा इंचांची घ्या, कारण तिथला पाऊस पडत नाही, ओततो. पहिल्या एकदोन पावसांचं पाणी सोडून द्या, नंतर टाकीत वळवा, आणि टाकीत उजेड शिरू देऊ नका म्हणजे शेवाळ धरत नाही. प्यायचं पाणी गाळून उकळून. नदीचं पाणी पिऊ नका, कितीही नितळ दिसो. वर वस्त्या आहेत, गुरं आहेत. पावसाळ्यात पायाला जखम असताना चिखलपाण्यात हिंडणंही टाळा, घाण पाण्यातून होणारा लेप्टोचा ताप फक्त मुंबईत होतो असं नाही.

संडासाबद्दल तुम्ही पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाही. शोषखड्डा नदीकाठी नको. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, खड्डा भरतो आणि सगळं पुन्हा नदीतच जातं. दोन पर्याय आहेत. एक, जमिनीच्या वर बांधलेल्या दोन कप्प्यांचा कोरडा संडास: वापरल्यावर राख किंवा लाकडाचा भुसा टाकायचा, एक कप्पा वर्षभर वापरायचा, भरल्यावर वर्षभर बंद ठेवायचा, मग ते खत झाडांना. धुण्याचं पाणी वेगळ्या वाटेनं केळी-कर्दळीच्या वाफ्यात न्यायचं, नाहीतर ओलावा साचून वास येतो. दोन, घरच्यांना ते पटणार नसेल तर बायोडायजेस्टर टाकी, डीआरडीओनं विकसित केलेल्या आणि रेल्वेच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या तंत्राची. ती पूररेषेच्या वर बसवा आणि त्यात ॲसिड-फिनाईल ओतू नका, आतले जीवाणू मरतात. कुठलाही घ्या, पण तो उत्तरेच्या पडवीच्या टोकाला लागून, छपराखालूनच जाता येईल असा, एकाच पातळीवर असू द्या. बसायला कमोड, धरायला दांडा. रात्री दोन वाजता सासूबाईंनी टॉर्च घेऊन पावसात अंगण ओलांडावं अशी केबिन कितीही देखणी असली तरी त्या तिथे दुसऱ्यांदा येणार नाहीत.

कागदपत्रांचं शेवटी लिहितोय, पण करायचं सगळ्यात आधी. सासरे गेल्यावर वारसनोंद झाली आहे का? सातबाऱ्यावर सासूबाई, तुमची सौ. आणि साडूंची सौ. अशी नावं असतील, तर जमीन सामाईक आहे. आधी वाटप किंवा निदान सगळ्यांची लेखी संमती, मग पाया. साडूंना घराबद्दल मत असण्याचं हेही एक कारण असू शकतं. 'लाकडी आहे, उचलून नेता येतं, म्हणजे बांधकाम नाही' असं सांगणारे बरेच भेटतील. शेतजमिनीवर राहायची खोली बांधायला शेतघराची परवानगी घ्यावीच लागते. कर्जत-नेरळचा काही भाग 2003 साली अधिसूचित झालेल्या माथेरान इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये येतो, तुमचा गट क्रमांक त्यात आहे का ते तपासा. इतर हक्कांच्या रकान्यात कूळ, वन असले शब्द दिसले तर वकिलाला दाखवा. हे वाचून जमीन शोधायला निघणाऱ्या इतरांसाठी: महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि आदिवासींची जमीन तर कुणी 'करून देतो' म्हणाला तरी घेऊ नका.

परवानग्या दिवाळीपर्यंत हातात आल्या तर काम डिसेंबरात सुरू करा. मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, छप्पर, पन्हळ आणि टाक्या झाल्याच पाहिजेत. फरशी आणि रंग नंतर झाले तरी बिघडत नाही. एक पावसाळा तसाच जाऊ द्या. कुठून पाणी आत येतं, कुठे साचतं, वारा कुठल्या फटीतून शिरतो हे कळलं की उरलेलं काम त्यानुसार करा.

आणि वाडीतल्या एका कुटुंबाशी पहिल्या दिवसापासून नीट पगार ठरवा. पावसाळ्यात बंद घर आठ दिवसांत कुबटतं, तेव्हा आठवड्यातून दोनदा येऊन खिडक्या उघडणं, पन्हळीतला पाला काढणं, पॅनेल पुसणं, गाद्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत ना ते बघणं, एवढं काम. पगार बारा महिने द्या, तुम्ही गेलात त्या महिन्यांचाच नको.